मासळीबाजारात यादी चालत नाही

आमच्या फ्रिजच्या दारावर एक पांढरा बोर्ड आहे. डावीकडे किराणा, मध्ये दुरुस्त्या आणि करायचे फोन, उजवीकडे घरातल्या माणसांची कामं. काम झालं की पुढे बरोबरची खूण, आणि रविवारी संध्याकाळी बोर्ड पुसून नवा आठवडा. पंचवीस वर्षं हे चाललंय. बोर्ड तीन बदलले, पद्धत तीच. मी विक्रोळीतल्या एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये काम करते. तिथे स्क्रू लिहून ठेवला नाही तर स्क्रू हरवतो. घरातही मला तेच खरं वाटत आलंय.

या बोर्डवर एक गोष्ट कधीच लिहिली गेली नाही, ती म्हणजे मासे. मासे नवऱ्याकडे. तो मालवणकडचा, वडील गिरणीत होते, लहानपण घाटकोपरच्या चाळीत गेलं. मी डोंबिवलीच्या शाकाहारी घरातली. लग्न आमचं आम्ही ठरवलं, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंसमोर तेवढं 'अहो' म्हणायचे आणि तो त्यांच्या मागे उभा राहून तोंड दाबून हसायचा. लग्नानंतर मी मासे शिजवायला शिकले, रस्सा खायला शिकले. तुकडा अजून खात नाही. आणि मासे निवडणं मला कधी जमलं नाही. दर रविवारी सकाळी साडेसातला तो पिशवी घेऊन मुलुंडच्या बाजारात जायचा आणि नऊला परत यायचा. चार बांगड्यांना दीड तास कसा लागतो, असं विचारलं तर म्हणायचा, "तुका कळूचा नाय."

गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळी होऊन दोनेक आठवडे झाले असतील, तो रविवारी रिकामी पिशवी घेऊन आला.

"चांगलं काही नव्हतं," म्हणाला.

मी पिठलं केलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी तो गेलाच नाही. मला वाटलं, बाजार बिघडला असेल. मी बोर्डवर त्याच्या रकान्यात लिहिलं, 'मासे: दुसरा बाजार बघणे, भांडुप?' आता आठवलं की स्वतःचा राग येतो. माणूस समोर मिटत चालला होता आणि मी त्याला भांडुपला पाठवत होते.

मग एकेक गोष्ट गळत गेली. दाढी तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. चाळीतल्या मित्रांचा फोन वाजत राहायचा, हा त्याच्याकडे बघत बसायचा, जणू शेजाऱ्याच्या घरात वाजतोय. जेवायला बसला की ताटात बोटं फिरवायचा. मुलीचा वाढदिवस विसरला आणि आठवण करून दिल्यावर "सॉरी" म्हणाला. हे सॉरी मला सगळ्यात जड गेलं. तीस वर्षांत या माणसानं मला एकदाही सॉरी म्हटलं नव्हतं. भांडणात हरला की "बरं माझे आई" म्हणायचा आणि चहा टाकायचा. आता कशालाही सॉरी. पाणी सांडलं, सॉरी. मी ऑफिसातून दमून आले, सॉरी.

जानेवारीत त्याच्या साहेबांचा फोन आला. तो एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन आहे. साहेब म्हणाले, "वहिनी, घरी काही प्रॉब्लेम आहे का? एक ड्रॉइंग चार दिवस उघडून बसलेत. एक रेघ नाही."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी त्याच्याशी पाऊण तास बोलून मग मला आत बोलावलं आणि नाव सांगितलं: डिप्रेशन. गोळी सुरू केली, सहा आठवड्यांची रजा लिहून दिली.

"पण कारण काय?" मी विचारलं. मी कारणांची यादी करून नेली होती: आई गेली, मुलगी बाहेर राहायला गेली, ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं, गुडघा. त्यांनी ती वाचली आणि परत दिली.

"यातलं थोडं थोडं असेल. किंवा काहीच नसेल. प्रत्येक वेळी एक कारण सापडत नाही. सध्या दिवसात छोट्या छोट्या गोष्टी ठरवा. जमतील तेवढ्याच."

'ठरवा' हा शब्द मी ऐकला. 'जमतील तेवढ्याच' तिथेच खुर्चीवर ठेवून आले.

त्याच संध्याकाळी बोर्डच्या उजव्या बाजूला त्याच्यासाठी तक्ता आखला. सात ओळी, सात वार. साडेसहाला उठणं. आंघोळ. नाश्ता. गोळी. घरातलं एक काम. संध्याकाळी फिरणं, बागेला दोन फेऱ्या. एका माणसाशी बोलणं. पट्टीनं रेघा मारल्या. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता. तीस वर्षं रेघा मारून पोट भरलेला माणूस. म्हणाला, "रेघ तिरकी गेली."

मला आनंद झाला. म्हटलं, बघा, लक्ष लागतंय!

आणि तक्ता चालायला लागला. मी सकाळी आठला निघायचे, संध्याकाळी सातला यायचे. पर्स टेबलावर, चप्पल दारात, आणि सरळ फ्रिजपाशी. सातही खुणा. पहिल्या आठवड्यात मी स्वतःवर खूश होते. दुसऱ्या आठवड्यापासून तक्त्याचा फोटो काढून मुलीला पाठवायला लागले. ती गोरेगावला एका स्टुडिओत एडिटिंगचं काम करते. कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, म्हणून तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. तिचं उत्तर आलं, "आई, बाबा काय ज्युनिअर केजीत आहेत का?" मग खाली, "पण सात पैकी सात? झकास!"

तक्त्याचे फोटो मी डॉक्टरांनाही दाखवले. तो शेजारी बसून मान हलवत होता. त्यांनी त्याला विचारलं, "बरं वाटतंय ना?" तो म्हणाला, "हो." त्यांनी पुढच्या एक तारखेपासून कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं. मी घरी येऊन बोर्डवर लिहिलं: 'एक तारीख, ऑफिस.' त्याखाली दोन रेघा.

बाहेरच्यांना मी काय सांगत होते? खोटं. सोसायटीत सांगितलं, गुडघा. नणंदेला, म्हणजे त्याच्या ताईला, सांगितलं, ॲसिडिटी. माझ्या बहिणीला सांगितलं, कामाचा ताण. तिनं जेवायला बोलावलं की आमच्याकडे कुणी ना कुणी येणार असायचं, आणि ती येते म्हणाली की आम्ही बाहेर जाणार असायचो. एकदा माझा माझ्यातच घोटाळा झाला. जिन्यात नणंदेच्या ओळखीच्या बाईंना गुडघा सांगितला आणि तो नणंदेपर्यंत पोचला. तिचा फोन आला, "ॲसिडिटी गुडघ्यात शिरली काय गो वहिनी?" मी हसले आणि फोन ठेवून किती तरी वेळ ओट्याला धरून उभी राहिले. एवढी माणसं होती आमची, आणि मी एकेकाला दारातूनच परत पाठवत होते. तो बोलत नव्हता, म्हणून मीही हळूहळू सगळ्यांशी बोलायचं सोडलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका बुधवारी आमच्या कंपनीत ट्रान्सफॉर्मरचं काम निघालं आणि बारा वाजता सगळ्यांना घरी सोडलं. मी पाऊण वाजता घरी पोचले. लॅच उघडलं. पर्स टेबलावर, चप्पल दारात, आणि सवयीनं फ्रिजपाशी.

सात खुणा होत्या.

मी पुन्हा वाचलं. सहावी ओळ: संध्याकाळी फिरणं, बागेला दोन फेऱ्या. पुढे बरोबरची खूण. नीट, सरळ, ड्राफ्ट्समनच्या हातची.

तो बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. कालचा शर्ट. शेजारी सकाळचा चहा, वर साय धरलेली.

"काय गो, लवकर इलंस?"

"संध्याकाळचं फिरणं झालं?" मी विचारलं.

"झालं," तो म्हणाला. मग त्यानं समोरच्या इमारतीवरच्या उन्हाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"सगळं खोटं?"

"गोळी सोडून. गोळी घेतो मी. गोळीची खूण खरी आहे."

माझा आवाज चढला. शेजारच्या खिडकीत कुणीतरी भांडं ठेवल्याचं ऐकू आलं, तरी थांबले नाही. "अरे, मी डॉक्टरांना दाखवलंय ते! त्या तक्त्यावर त्यांनी तुला एक तारखेला कामावर पाठवलंय. आठवडा राहिलाय. तू गेला असतास?"

"गेलो असतो."

"आणि तिथे जाऊन काय केलं असतंस?"

तो खरंच विचार करत होता. "तिथेपण खुणा केल्या असत्या," म्हणाला.

"पण का? मला सांगायचं ना, जमत नाही म्हणून!"

खाली वॉचमन कुणाला तरी गाडी पुढे घे म्हणून ओरडत होता. मग तो हळू म्हणाला, "तू संध्याकाळी येतेस ना, आधी बोर्ड बघतेस. मग माझ्याकडे. सात खुणा असल्या की तुझा चेहरा उतरत नाही. दिवसभरात मला तेवढं एकच काम जमायचं. तू गेलीस की लगेच करून टाकायचो. विसरायला नको म्हणून."

मी आत गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

त्या दिवशी मी घाबरले, हे मात्र लिहायला हवं. आजाराला मी घाबरत नव्हते. आजाराला डॉक्टर असतात, गोळ्या असतात, तारखा असतात. मी घाबरले ते वेगळ्या गोष्टीला. आम्ही दोघं एकाच घरात राहून एकमेकांना खोटं दाखवत होतो, तेही इतक्या टापटिपीनं, की हा माणूस आत कुठे आहे हे मला यापुढे कधी कळणारच नाही, असं वाटलं. एक तारीख आली असती, डबा भरून दिला असता, तो गेला असता. आणि मी खूण केली असती.

शनिवारी मुलगी आली. तिला सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावर चिडली, मग त्याच्यावर, मग दोघांवर एकत्र.

"म्हणजे मी तिकडे सगळ्यांना फोटो दाखवत होते, माय डॅड इज अ स्टार, आणि इथे दोघं मिळून माझी वाट लावत होता?"

"मी नाही, यानं," मी म्हटलं.

"आई, तू पण. तुला रोज फोनवर विचारते, कशी आहेस. काय म्हणतेस? 'एकदम मस्त.' कोण असतं गं एकदम मस्त?"

तो कोपऱ्यात बसून दोघींकडे बघत होता. "सॉरी," म्हणाला.

"बाबा, सॉरी बंद. दंड लावीन," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. दोघं टीव्हीकडे तोंड करून बसली होती. टीव्ही बंद होता.

रविवारी सकाळी मी ठरवलं, माशांचं जेवण करायचं. त्याच्या आईच्या पद्धतीचं, तिरफळं घालून. घरात वास सुटला की माणूस जेवेल, असा माझा हिशेब. मी चिठ्ठी केली: 'सुरमई, सहा तुकडे.' आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटी मासळीबाजारात गेले.

तो ज्या कोळणीकडून घ्यायचा ती मला माहीत होती. पहिल्या ओळीत तिसरी, नाकात मोठी नथ, आवाज पलीकडच्या रस्त्यापर्यंत. तिनंही मला ओळखलं. आमच्या मुलीच्या बारशाला ती पापलेटं घेऊन आली होती.

"काय गो वैनी, तू कशी? मालक कुठं हाय तुजा? दिवाळीपासून दिसला नाय."

मी तोंड उघडलं. गुडघा, ॲसिडिटी, ताण, सगळं जिभेवर तयार होतं. पण तिचे हात बर्फात कोपरापर्यंत गेलेले आणि ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"त्यांना बरं नाही," मी म्हटलं. "मनाचं आहे. डिप्रेशन म्हणतात. औषध चालू आहे."

कुणाला खरं सांगायची ती माझी पहिली वेळ, आणि ते मी एका हातात प्लास्टिकची पिशवी धरून, पाण्यात उभी राहून सांगितलं.

तिनं हात बाहेर काढले. "तरीच," म्हणाली. "तो मागं आला व्हता ना, तवा इथं उभा राहिला. तासभर. मी बोलली, मांदेली घे, बोंबील घे, आज सगळा ताजा हाय. तो नुसता बघतो. मग बोलला, मावशी, काय घेऊ ते कळत नाय. मी बोलली, अरे तुला नाय कळत तर कोणाला कळल? मी हसली गो. मला वाटला मस्करी करतो. मग रिकामाच गेला."

"चांगलं काही नव्हतं," तो मला म्हणाला होता.

मागून कुणीतरी "ताई, बाजूला व्हा" म्हणालं. कोळणीनं विचारलं, "बरं, तुला काय पायजे?"

मी चिठ्ठी काढली.

"यादी?" ती एवढ्या मोठ्यानं हसली की पलीकडच्या दोघी वळल्या. "यादी घेऊन आली ही! अगो, दर्या काय तुजा वाणी हाय? आज सुरमई नाय आली. बांगडा आलाय, बग कसा हाय. बांगडा ने."

पण चिठ्ठीत सुरमई होती. मी माझ्या स्वभावाला काय करणार? तिचे आभार मानले, दोन ओळी पलीकडे गेले आणि एका अनोळखी गाळ्यावर सुरमईचे सहा तुकडे घेतले. बर्फातून काढून दिले, स्वच्छ, सारखे. चिठ्ठीवर खूण केली.

घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली. तो पाणी प्यायला आला होता. पिशवीत डोकावला. एक तुकडा उचलला, अंगठ्यानं दाबला, नाकाशी नेला.

"ही कालची," म्हणाला. "परवाचीपण असेल."

मुलगी हॉलमधून धावत आली, कारण किती तरी दिवसांत त्यानं कुणी न विचारता काही म्हटलं नव्हतं.

"तिच्याकडून घेतलीस?" त्यानं विचारलं.

"नाही. तिच्याकडे बांगडे होते. ताजे आहेत म्हणाली."

"मग?"

"यादीत सुरमई होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. हसला असं लिहिलं तर ते जास्त होईल. पण तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "गो बाय माझ्या," तो म्हणाला, "मासळीबाजारात यादी नेऊची नसता. तिथे जाऊन विचारायचं, आज काय आलंय. जे आलंय ते घ्यायचं. नाही आलं तर पिठलं."

मी हात धुतले, त्याच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "त्या दिवशी तू तासभर उभा होतास?"

त्यानं मान हलवली. "सगळे मासे सारखेच दिसत होते," म्हणाला. "मी ज्या माशांची नावं डोळे मिटून सांगतो, ते."

आम्ही त्या दिवशी पिठलंच खाल्लं. तो पुरा जेवला नाही. त्या एका वाक्यानंतर काही बदललं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण संध्याकाळी तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि मुलगी निघताना उठला नाही. ती त्याच्या पायाला हात लावून गेली.

रविवारी संध्याकाळी बोर्ड पुसायचा असतो. मी उजवी बाजू पुसली आणि पुन्हा आखली नाही.

डॉक्टरांकडे जाताना मी काही नेलं नाही. दाराशी त्याला म्हटलं, "तू सांग. मी बाहेर बसते." तो म्हणाला, "तूच सांग, माका जमणा नाय." मी म्हटलं, "मग तेवढंच सांग. जमत नाही एवढंच." बाहेर बाकावर मी चाळीस मिनिटं बसले. समोरच्या नोटीसबोर्डवर एक कागद तिरका लावलेला होता. मी उठून तो सरळ केला नाही. त्या दिवसाचं माझं काम तेवढंच होतं. मग आत बोलावलं. गोळी बदलली, रजा वाढवली. एक तारीख रद्द झाली. डॉक्टर मला म्हणाल्या, "खोट्या तक्त्यावरून मीपण चुकले. यांना एकट्याला विचारायला हवं होतं." मोकळेपणानं चूक कबूल करणारं माणूस मला आवडतं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बरं झालं," आणि रिक्षात त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.

तेव्हापासून आमच्यात एक नेम झाला. ठरवून नाही, मी एकदा विचारलं आणि मग रोज विचारत गेले. घरी आल्यावर फ्रिजकडे जायचं नाही. बाल्कनीत जायचं, दुसरी खुर्ची ओढायची आणि विचारायचं, "आज काय आलंय?"

पहिले काही दिवस तो म्हणायचा, "काही नाही." मी म्हणायचे, "बरं," आणि बसून राहायचे. हे बसून राहणं मला स्टोअर्सच्या वार्षिक तपासणीपेक्षा कठीण गेलं. हात शिवशिवायचे. मग एक दिवस म्हणाला, "आंघोळ." एक दिवस, "चहा केला, प्यायलो नाही." एक दिवस, "ताईचा फोन घेतला. गावच्या जमिनीच्या बांधाबद्दल भांडली. बरं वाटलं." आणि एप्रिलमध्ये एकदा, सबंध आठवडा वाईट गेल्यावर, "आज बोट गेलीच नाही."

"पिठलं?" मी विचारलं.

"पिठलं," तो म्हणाला.

मी माणसांना पुन्हा घरात घेतलं. नणंदेला खरं सांगितलं. ती रडली, मग कुळथाचं पीठ आणि कोकमाची सोलं पाठवली. बहिणीला सांगितलं, ती म्हणाली, "चार महिने मला फसवलंस," आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर आली. त्याच्याशी काही न विचारता वाटाणे सोलत बसली. तोही चार शेंगा सोलून उठला. चारच. मी मोजल्या आणि कुठे लिहिल्या नाहीत.

मे महिन्यातली एक संध्याकाळ. तो अजून रजेवर होता; आता अर्धा दिवस कामावर जायचं बोलणं सुरू झालं होतं, या वेळी त्याच्याच तोंडून. आमच्या कंपनीत माल चुकीच्या ठिकाणी गेला होता आणि दिवसभर मी ऐकून घेतलं होतं. घरी आले, पर्स टेबलावर, चप्पल दारात. बाल्कनीत गेले, खुर्चीत बसले आणि विचारायचं विसरले.

तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "आज काय आलंय?"

मला वाटलं तो माझी नक्कल करतोय. वळून पाहिलं. तो खरंच विचारत होता. मी म्हणाले, "सगळं एकदम म..." आणि पुढचं अक्षर निघेना. मुलीचं बोलणं आठवलं. सहा महिने मीही रोज संध्याकाळी खूण करत होते. माझीही सरळ होती, नीट होती.

"काही नाही," मी म्हटलं. "दमलेय रे. खूप दमलेय. आणि मला भीती वाटते. रोज. लॅच उघडताना."

तो सॉरी म्हणेल असं वाटलं. नाही म्हणाला. माझा हात घेतला आणि अंगठ्यानं दाबून धरला.

"बरं माझे आई," तो शेवटी म्हणाला आणि उठून चहा टाकायला आत गेला.

साखर दुप्पट पडली होती. मी सगळा प्यायले.